करोल बागेतील मोटारबाजार

दिल्ली पाहावयास येणारा मराठी प्रवासी लाल किल्ला, कुतुबमिनार आणि राजघाट पाहून परततो. फार तर चांदणी चौकातली मिठाई बरोबर बांधून घेतो. करोल बागेची वाट त्याला सहसा कोणी दाखवीत नाही. वास्तविक ती अवघड नाही. निळ्या मार्गावरची मेट्रो झंडेवालान सोडून पुढे सरकली की १०८ फूट उंचीची मारुतीची मूर्ती खिडकीतून दिसू लागते आणि पाठोपाठ करोल बागेचे स्थानक येते. पहाडगंजातले बृहन्महाराष्ट्र भवन येथून दूर नाही, त्यामुळे दिल्लीच्या जुन्या मराठी कुटुंबांना हा परिसर परका नाही.

या वस्तीचा इतिहास उठविलेल्या आणि पुन्हा वसलेल्या माणसांचा आहे. १९२० च्या दशकात कॅनॉट प्लेसच्या उभारणीसाठी माधोगंज, जयसिंगपुरा आणि राजा का बाजार या वस्त्यांतील रहिवाशांना हलविण्यात आले, ते या बाजूला येऊन राहिले. हकीम अजमल खान यांच्या तिब्बिया महाविद्यालयाचे उद्घाटन १९२१ साली महात्मा गांधींच्या हस्ते येथेच झाले. पुढे १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी येथे दुकाने थाटली आणि पाहता पाहता करोल बाग ही उत्तर हिंदुस्थानातील एक मोठी पेठ झाली. लग्नाचा बस्ता अजमल खान मार्गावर, दूरध्वनीचे संच गफ्फार मार्केटात, मोटारसायकलींचे सुटे भाग नाईवाला गल्लीत, अशी येथे प्रत्येक जिनसेची जागा ठरलेली आहे.

याच गल्ल्यांतून जुन्या मोटारींचा बाजार भरतो. सकाळी दहाच्या सुमारास पोरे बादल्या घेऊन गाड्या धुऊ लागतात. दुकान म्हणजे बहुधा एक लहानशी खोली. खरा माल रस्त्याच्या कडेला, एकाला एक लागून उभा. व्यापारी खुर्ची बाहेर टाकून चहा घेत बसलेला असतो. आपण गाडीकडे पाहतो आणि तो आपल्या पायांतल्या पादत्राणांकडे पाहतो; किती भाव सांगावयाचा हे तेवढ्यात ठरते.

नवख्या माणसाला येथे एका गोष्टीचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. ज्या जर्मन डिझेल गाड्या नव्या असताना ५० लाखांहून अधिक किमतीला विकल्या गेल्या, त्या येथे एखाद्या नव्या मध्यम गाडीच्या भावात मिळतात. हे चोरीचे प्रकरण नव्हे आणि विक्रेत्याचे औदार्यही नव्हे. राष्ट्रीय हरित अधिकरणाने एप्रिल २०१५ मध्ये दिल्ली व राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना मनाई करणारा आदेश दिला आणि २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिची अंमलबजावणी करण्यास सांगितले. मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरणही होते; पण राजधानीत डिझेल गाडीचे आयुष्य दहाव्या वर्षी आटोपावे अशी ही व्यवस्था होती. तीच गाडी इंदूरला, नागपूरला किंवा हुबळीला आणखी पाच वर्षे सुखाने चालू शकते. म्हणून करोल बागेत भाव गाडीला नसतो, तारखेला असतो. यंत्र किती झिजले यापेक्षा दहा वर्षे पुरी होण्यास किती महिने उरले हे पाहून किंमत ठरते.

ही हकीकत ऐकून आमचे भाऊजी २०२४ च्या दिवाळीनंतर इंदूरहून दिल्लीला आले. बरोबर ताईही आली. भाऊजींच्या वृद्ध मातोश्री नाशिकला असतात. दर पंधरा दिवसांनी इंदूर-नाशिक हा सुमारे ४०० किलोमीटरांचा पल्ला भाऊजी स्वतः गाडी चालवून गाठतात. खलघाटाला नर्मदा ओलांडावी, सेंधव्यानंतर बिजासनचा घाट उतरावा आणि शिरपूर-धुळे-मालेगावमार्गे संध्याकाळच्या आत आईजवळ पोहोचावे, असा त्यांचा क्रम. त्यांची लहान गाडी घाटात अवजड मालमोटारींच्या मागे अडकते आणि त्यांना पुढे काढताना ताईचा जीव टांगणीला लागतो. भाऊजींची इच्छा त्यामुळे निव्वळ हौसेची नव्हती. परंतु हाताशी असलेली रक्कम पुरेना, तर कन्येच्या वैद्यकीय शिक्षणासाठी ठेवलेली ठेव मोडावी असा त्यांचा विचार चालला होता, आणि ताई मुख्यतः तेवढ्यासाठीच बरोबर आली होती.

भाऊजींच्या मनात भरलेली गाडी म्हणजे बी.एम.डब्ल्यू. ५३०डी. चेन्नईजवळच्या कारखान्यात जुळणी होणाऱ्या या पाचव्या मालिकेतील २०१३ नंतरच्या गाडीला तीन लिटरचे, सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन आहे. त्याची शक्ती २५८ अश्वशक्तीची. पण घाटात कामाला येते ती शक्तीपेक्षा ओढ, आणि ती ५६० न्यूटन-मीटर आहे. उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग ती सुमारे सहा सेकंदांत घेते. टाकी ७० लिटरांची. अशी गाडी मालमोटारीच्या मागून बाहेर पडते आणि क्षणार्धात पुन्हा आपल्या बाजूला येते. धोक्याचा काळ तेवढा कमी होतो. भाऊजींचे हे म्हणणे चुकीचे म्हणता येणार नाही.

गाडी पाहण्यासाठी आम्ही ओळखीचे एक सरदारजी मिस्त्री बरोबर घेतले होते. केस पांढरे झालेले, बोलणे मोजके. त्यांनी पहिलाच नियम सांगितला तो असा, की आपण येत आहोत हे व्यापाऱ्याला कळवावे, पण इंजिन आधी सुरू करून ठेवू नये असे बजावून. गरम इंजिन सर्व दोष झाकते. थंड इंजिन ते बोलून दाखविते. या इंजिनाची टायमिंग साखळी पुढच्या बाजूला नसून मागे, गिअरबॉक्सकडे असते. ती सैल झाली की थंड स्थितीत चालकाच्या बाजूने खरखर ऐकू येते, आणि ती बदलावयाची तर इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. साखळीचे मोल थोडे, मजुरीचे फार.

पहिली गाडी पाहताच डोळे दिपावेत अशी होती. मीटरवर ३८,००० किलोमीटर. भाऊजी हरखले. मिस्त्रींनी मात्र आपले तपासणीचे यंत्र गाडीला जोडले. आजच्या गाड्यांत धावेची नोंद एकाच ठिकाणी नसते. गाडीतील इतर नियंत्रक पेट्यांतही ती उमटत असते. समोरचा मीटर मागे फिरविणारा त्या सर्व पुसतोच असे नाही. एका पेटीने १,१२,००० हा आकडा दाखविला. व्यापाऱ्याने चहा मागविला आणि दुसऱ्या गाडीचा विषय काढला.

बाहेर आल्यावर मिस्त्री म्हणाले, “साहेब, आकडा खरा असता तरी मी ती घेऊ दिली नसती. दिल्लीच्या गर्दीत नऊ वर्षांत अडतीस हजार चाललेले डिझेल म्हणजे रोज दोन कोस रांगत गेलेले डिझेल. ते कधी पुरते तापतच नाही. आत काजळी साचते. महामार्गावर लाख किलोमीटर धावलेली गाडी त्याहून निरोगी असते.” ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडे कमी धाव हा जुन्या गाडीचा सर्वांत मोठा गुण मानतात. पेट्रोलच्या बाबतीत ते काहीसे खरे, मोठ्या डिझेलच्या बाबतीत अर्धेच खरे.

दुसऱ्या गाडीत बसताच सुगंधी द्रव्याचा दर्प आला. मिस्त्रींनी आसनाचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढला; त्याच्या तळाशी, जो भाग एरवी गुंडाळलेला राहतो तेथे, मातकट रेघ होती. १३ जुलै २०२३ रोजी दिल्लीत यमुनेची पातळी २०८.६६ मीटरपर्यंत चढली होती आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले होते. ही गाडी त्याच पाण्यातली की अन्य कुठली हे सांगता येणार नाही. पण पाण्यात बुडालेली विजेची गाडगी पुढे केव्हा दगा देतील याचा नेम नसतो. आम्ही तेथून निघालो.

तिसरी गाडी बाजारात नव्हती. दक्षिण दिल्लीतील एका निवृत्त गृहस्थांची ती पहिल्यापासूनची गाडी. ऑक्टोबर २०१५ ची नोंदणी, धाव ९४,००० किलोमीटर, आणि प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती फाइलीत लावलेली. थंड इंजिन शांतपणे सुरू झाले. २०१८ साली दक्षिण कोरियात या कंपनीच्या काही डिझेल गाड्यांना आगी लागल्या होत्या. धूर परत इंजिनात फिरविणाऱ्या, मिस्त्री ज्याला ई.जी.आर. म्हणतात त्या यंत्रणेच्या शीतकातून द्रव झिरपून काजळीशी मिसळतो, असे तेव्हा निष्पन्न झाले आणि कंपनीने जगभरातील सुमारे १६ लाख गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. म्हणून मिस्त्रींनी त्या शीतकाची आणि कूलंटच्या पातळीची विशेष पाहणी केली. तीही ठीक निघाली. गिअरबॉक्सचे तेल मात्र कधी बदललेले नव्हते. ‘ते जन्मभर चालते’ अशी समजूत प्रचलित आहे. पण तो गिअरबॉक्स बनविणारी झेड.एफ. ही कंपनी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरांच्या दरम्यान तेल बदलावे असेच सुचविते. मालकांनी १४ लाख रुपये सांगितले. भाऊजींनी विसार देण्यासाठी खिशात हात घातला; ताईने त्यांना थांबविले आणि म्हटले, “आधी सुट्या भागांचे भाव पाहू.”

त्याप्रमाणे दुपारी आम्ही काश्मिरी दरवाजाला गेलो. मेट्रोचे तीन मार्ग जेथे एकत्र येतात त्या स्थानकाबाहेर, १८५७ च्या रणधुमाळीच्या खुणा अंगावर वागविणारी जुनी वेस उभी आहे. तिच्या आसपासच्या गल्ल्यांतून मोटारींच्या सुट्या भागांची मोठी घाऊक पेठ आहे. चिंचोळ्या जिन्याखालच्या दुकानांत छतापर्यंत खोकी रचलेली. दुकानदार गाडीचा क्रमांक विचारतो आणि न उठता भाव सांगतो. ताई एका वहीत आकडे उतरवीत गेली. चार टायर लाखाच्या घरात. ब्रेकच्या तबकड्या, इंजिन झेलणारे रबरी आधार, इंधनाचे इंजेक्टर, टर्बोची दुरुस्ती. दुकानदाराने अस्सल माल, दुय्यम माल आणि नकली माल यांचे तीन वेगवेगळे भाव प्रामाणिकपणे सांगितले आणि नकली घेऊ नका असेही सांगितले.

संध्याकाळी आमच्या घरी ताईने वही उघडली. ती म्हणाली, “अहो, गाडीची किंमत दहा वर्षांची झाली आहे, पण तिच्या सुट्या भागांची किंमत आजचीच आहे. चौदा लाखांची गाडी घेतली तरी खर्च पन्नास लाखांच्या गाडीचाच करावा लागणार.” माझ्या मते मोठी जुनी गाडी घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य लिहून ठेवावे. तिने गाडीच्या किमतीवर तीन लाखांची दुरुस्तीची गंगाजळी धरली. त्यात इंदूरच्या परिवहन कार्यालयात विचारून आणलेला कर, विमा आणि प्रवास मिळविला. परराज्यातून येणाऱ्या गाडीवर नव्याने कर भरावा लागतो, आणि तो ठरविताना आपण दिलेली जुनी किंमत नव्हे तर नव्या गाडीची मूळ किंमत आधाराला धरून वयाप्रमाणे आकडा कमी करण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे; स्वस्तात मिळालेली मोठी गाडी येथे महाग पडते. बेरीज हाताशी असलेल्या रकमेच्या साडेतीन लाख पुढे गेली.

भाऊजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “ठेव मोडली तर दोन वर्षांत भरून काढीन.” ताईचा आवाज चढला नाही. “मुलीची फी दोन वर्षे थांबणार नाही,” एवढेच ती म्हणाली. मी मध्ये बोललो नाही. मेहुण्याने कोणत्या वेळी गप्प बसावे हे सासुरवाडी-माहेरच्या व्यवहारात पूर्वीपासून ठरलेले आहे. दुसऱ्या दिवशी मालकांना नम्रपणे नकार कळवून ती दोघे रेल्वेने इंदूरला परतली.

पुढे जे घडले ते या बाजाराच्या स्वभावातच होते. १५ नोव्हेंबर २०२४ पासून दिल्लीच्या हवेसाठी असलेल्या श्रेणीबद्ध कृती योजनेचा तिसरा टप्पा लागू झाला आणि भारत स्टेज चार प्रतीच्या डिझेल मोटारींना शहरात फिरण्याची मनाई झाली. ती गाडी दारात उभी राहिली. प्रत्येक महिन्यागणिक ऑक्टोबर २०२५ जवळ येत होता. ही तारीख विकणाऱ्याच्या मागे लागलेली असते. घेणाऱ्याच्या मागे नसते, जर त्याला थांबता येत असेल तर. मार्च २०२५ मध्ये त्या गृहस्थांनी स्वतःहून दूरध्वनी केला आणि साडेदहा लाखांवर सौदा ठरला. कमी झालेली रक्कम बरोबर तेवढीच होती, जेवढ्यासाठी ठेव मोडली जाणार होती. ताईची गंगाजळी मात्र तिने एका रुपयानेही कमी केली नाही.

कागदपत्रांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. गाडीवर कर्जाचा बोजा असल्यास तो फिटल्याचे पत्र प्रथम घ्यावे. दंडाच्या पावत्या थकलेल्या नाहीत हे परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर पाहावे. दिल्लीच्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, हाती आल्यावाचून पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी बदलाचे नमुने २९ व ३० दोघांच्या सह्यांनिशी भरावेत. परराज्यात गाडी १२ महिन्यांहून अधिक ठेवावयाची तर तेथील नवा क्रमांक घेणे कायद्याने बंधनकारक आहे. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. विकणाऱ्यानेही निष्काळजी राहू नये. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे की, गाडी हातोहात कितीही जणांकडे गेली तरी नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला मालक म्हणून जबाबदार ठरतो. करोल बागेत कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून किल्ली देणारे पुष्कळ असतात. त्यांनी हा निकाल ऐकावयास हवा.

भाऊजींनी गाडी स्वतः चालवीत नेली. आग्र्याहून निघालेला जुना आग्रा-मुंबई रस्ता ग्वाल्हेर, शिवपुरी, गुणा, बियावरा, देवास असा इंदूरला येतो आणि तोच पुढे नाशिकला जातो. ग्वाल्हेरला शिंदे, देवासला पवार, इंदूरला होळकर. मराठी सरदारांच्या राजधान्या एकाच दोऱ्यात ओवाव्यात तसा हा रस्ता आहे. शिवपुरीला शिंद्यांच्या छत्र्या पाहण्यासाठी ती दोघे तासभर थांबली. इंदूरला पोहोचल्यावर पहिले काम झाले ते गिअरबॉक्सचे तेल बदलण्याचे. दुसरे, कूलंटच्या नळ्यांचे. गंगाजळीतून सहा महिन्यांत साठ-सत्तर हजार रुपये गेले आणि ताईने ते वहीत लिहून ठेवले.

दरम्यान दिल्लीतील नियमांनीही कूस बदलली. १ जुलै २०२५ पासून मुदत संपलेल्या गाड्यांना पंपावर इंधन नाकारण्याचे ठरले होते. थोड्याच दिवसांत ते स्थगित झाले. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून सक्तीची कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो दिलासा भारत स्टेज चार व त्यापुढील गाड्यांपुरता ठेवला. यावरून इतकेच ध्यानात घ्यावे की, तारखेवर उभा असलेला भाव आदेशाबरोबर हलतो. म्हणून विसार देण्याच्या दिवशी चालू असलेला नियम स्वतः वाचावा, व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकू नये.

वाचकांपैकी कोणी करोल बागेत जाईल तर त्याने सकाळी लवकर जावे, थंड इंजिन ऐकावे, आणि त्याच दिवशी काश्मिरी दरवाजाची एक फेरी करून भाव वहीत उतरवून आणावेत. गाडी आवडली तरी विसार तेथल्या तेथे देऊ नये. एक रात्र घरच्या माणसांसमवेत त्या वहीवर घालवावी. मोठी गाडी घेणे वाईट नाही. घाटात ती माणसाचा जीव वाचवू शकते. पण तिला पोसण्याची रक्कम बाजूला काढल्यानंतरही घरातली दुसरी कोणतीही ठेव हलवावी लागत नसेल, तेव्हाच ती आपल्या ऐपतीत आली असे समजावे.